पोर्टोफिनो आणि पागोळ्या

खडकवासला मागे पडलं की पानशेतच्या रस्त्यावर पाट्यांचं राज्य सुरू होतं. गोऱ्हे, खानापूर, सोनापूर ही गावं उजव्या हाताच्या पाण्याला धरून येत राहतात, डावीकडे सिंहगड बराच वेळ सोबत करतो आणि या दोघांच्या मधे, विजेच्या खांबांवर, वडाच्या बुंध्यांवर, किराणा दुकानांच्या पत्र्यांवर रिसॉर्टांची नावं. कुणाकडे रेन डान्स, कुणाकडे स्विस टेंट, कुणाकडे चुलीवरचं मटण आणि इन्फिनिटी पूल एकाच भाड्यात. एखाद्या फाटकाआड बालीच्या धर्तीची गवती छत्री, पुढच्या वळणावर काचेचं त्रिकोणी घर, त्याच्यापुढे मावळा आणि तोफ. पुण्यापासून चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरच्या प्रवासात निम्मं जग बघून होतं.

अशा रस्त्यावरून जाताना सोबतचं कुणीतरी हमखास म्हणतं, ‘काय हे, इथल्या निसर्गाला शोभत नाही.’ वाक्य तोंडातून सहज निघतं. पण इथलं नेमकं काय आणि त्याला काय शोभतं, हे ठरवायला बसलं की पंचाईत होते.

कारण पानशेतमध्ये ज्याला आपण निसर्ग म्हणतो त्यातला मोठा भाग बांधलेला आहे. डोंगर जुने; पाणी नवं. आंबी नदी अडवून पानशेतचं धरण झालं. ते बांधून पुरतं होण्याआधीच १२ जुलै १९६१ ला फुटलं, त्या लोंढ्यात खालचं खडकवासला धरणही गेलं आणि पुण्याच्या नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. धरण पुन्हा उभं राहिलं आणि जलाशयाला तानाजीसागर नाव मिळालं. शेजारच्या मोसे नदीवर वरसगावचं धरण झालं, त्याला वीर बाजी पासलकरांचं नाव. दोन्ही धरणं एकाच डोंगरसोंडेच्या दोन अंगांना, अगदी जवळजवळ. पानशेतचा उपयुक्त साठा १०.६५ टीएमसी, वरसगावचा १२.८२. पावसाळ्यात हे आकडे पुणेकर क्रिकेटच्या धावसंख्येसारखे वाचतात. या पाण्यासाठी आंबी आणि मोसे खोऱ्यांतल्या गावांनी आपली भाताची खाचरं आणि देवळं सोडली. म्हणजे बोटीत बसून आपण ज्या ‘तळ्या’चे फोटो काढतो ते राज्याच्या पाटबंधारे खात्याने केलेलं बांधकामच आहे, तेही कुठल्याही हॉटेलापेक्षा कितीतरी धीट.

आणि देखाव्यांची आवड इथल्या लोकांना बाहेरच्यांनी लावली असंही नाही. पानशेतच्या अलीकडे, खडकवासल्याच्या पाण्यापलीकडच्या डोंगरावर नीळकंठेश्वर आहे. जुनं शिवस्थान, आणि त्याभोवती पुराणांतल्या प्रसंगांचे रंगवलेले पुतळेच पुतळे. चढून दमलेली पोरं ते बघून हरखतात, आजीबाई एकेका प्रसंगाची गोष्ट सांगत पुढे सरकतात. वास्तुकलेचा अभ्यासक नाक मुरडेल. मला ती जागा आवडते. तिथे जे रचलंय ते बघणाऱ्याच्या मनात आधीपासून आहे, आणि पुतळ्यांसाठी कुणी डोंगर पोखरलेला नाही.

तेव्हा ‘शोभत नाही’ या तक्रारीचे दोन अगदी वेगळे अर्थ होतात. पहिला समजून घ्यायला जरा लांब जावं लागेल, फ्लोरिडात.

तिथल्या डिस्ने वर्ल्डमध्ये १९८२ साली एपकॉट नावाचं उद्यान सुरू झालं. त्यातल्या एका भागात तलावाच्या कडेने वेगवेगळ्या देशांची दालनं आहेत. मोरोक्कोच्या दालनासाठी तिथल्या राजाने, दुसऱ्या हसनने, आपले कारागीर धाडले होते, इतकं ते काम मन लावून केलेलं. अशा ठिकाणी सगळा भर एका गोष्टीवर असतो: पाहुण्याला दुसरं जग दिसता कामा नये. कचऱ्याचे मार्ग जमिनीखाली, नोकरांचे दरवाजे भिंतीच्या रंगात. आणि मग १९९० मध्ये शेजारीच स्वान आणि डॉल्फिन ही दोन हॉटेलं उभी राहिली. वास्तुकार मायकल ग्रेव्हज. उत्तर-आधुनिक शैलीतलं बडं नाव. डॉल्फिन म्हणजे सत्तावीस मजल्यांचा त्रिकोणी मनोरा, स्वानच्या माथ्यावर चौदा-चौदा मीटरचे हंस, दोन्हींच्या अंगावर पोवळ्याचा आणि फिरोजी रंग. झालं असं की तलावाच्या काठी उभं राहून फ्रान्स किंवा मोरोक्को बघावं, तर त्यांच्या डोक्यावरून डॉल्फिन डोकावतो. चाहत्यांनी याला नजरेचा अपराध ठरवलं आणि तीस-पस्तीस वर्षं हा खटला चालूच आहे. याच्या उलट, चार वर्षांनी बाजूच्या उद्यानात भुताच्या हॉटेलाचा एक उंच मनोरा बांधायचा होता. तो मोरोक्कोच्या मागून दिसणार हे ओळखून त्याचा रंग नि शिखरं आधीच मोरोक्कोला जुळतील अशी केली. एक इमारत बेधडक उभी राहिली, दुसरीने वेश पालटला.

माझं मत विचाराल तर ग्रेव्हजची हॉटेलं तितकी गुन्हेगार नाहीत. शेजारचा मोरोक्कोही खोटा आहे, फ्रान्सही. दोन नाटकं शेजारी लागली आणि एकाचा दिवा दुसऱ्याच्या रंगमंचावर पडला, एवढंच. फ्लोरिडाच्या त्या सपाट, दलदलीच्या जमिनीला दोघांनीही सारखंच बाजूला सारलंय. हे भांडण नेपथ्याचं. नजर वळवली की मिटतं.

दुसऱ्या अर्थासाठी परत आपल्याकडे, वरसगावच्या पाण्याच्या वरच्या टोकाला यावं लागतं. तिथे लवासा आहे.

पानशेतहून नकाशात बघितलं तर त्यातलं दासवे हाताच्या अंतरावर वाटतं; पुण्याहून नेहमीचा रस्ता मात्र पिरंगुट, मुठा, टेमघर धरण आणि मग घाट असा. टेमघर सोडलं की चढ लागतो, खिंडीत पोचलं की पलीकडची मोसेची दरी एकदम उघडते आणि तळाशी पिवळी, गेरूच्या रंगाची, भाजक्या विटेची घरं ओळीने पाण्याकाठी उभी दिसतात. पहिल्यांदा बघणारा गाडी थांबवतोच. हे दृश्य सुंदर आहे, हे आधीच कबूल केलेलं बरं. लवाशाला नावं ठेवणारे पुष्कळजण ही पायरी गाळतात.

हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनीचे अजित गुलाबचंद यांचा हा प्रकल्प. राज्य सरकारने १९९६ मध्ये खासगी गिरिस्थानांसाठी खास नियम केले आणि २००१ मध्ये मुळशी नि वेल्हे तालुक्यांतली अठरा गावं त्याखाली आली. आराखडा एचओके या अमेरिकी संस्थेचा, त्याला तिकडचे नगररचनेचे पुरस्कारही मिळाले. नमुना म्हणून डोळ्यांपुढे होतं इटलीतलं पोर्टोफिनो. लिगुरियाच्या किनाऱ्यावरचं, एका छोट्या खाडीभोवती कोंडाळं करून बसलेलं कोळ्यांचं गाव, जे पुढे श्रीमंतांच्या नौकांचं गाव झालं. गंमत अशी की ऑरलँडोतच, डिस्नेच्या स्पर्धकाकडे, १९९९ पासून पोर्टोफिनोची हुबेहूब नक्कल केलेलं एक हॉटेल आहे. मूळ गाव इवलंसं; त्याच्या प्रती मात्र जगभर.

लवाशातली हॉटेलं आपल्या परिसराशी भांडतात का? मुळीच नाही. तळ्याकाठचं हॉटेल, परिषदगृह, दुकानांवरचे फ्लॅट, सगळे एकाच रंगपेटीतून निघालेले, एकाच उतरत्या लाल छपराखाली. इथे डॉल्फिन कुठून डोकावत नाही. एपकॉटच्या चाहत्याने इथे पूर्ण गुण दिले असते. अडचण आहे ती नाटकात नाही, रंगमंचात.

पाण्यापासूनच बघा. पोर्टोफिनो समुद्रावर आहे आणि भूमध्य समुद्राला भरती-ओहोटी जेमतेम वीतभर. म्हणून तिथे घराच्या उंबऱ्यापासून दहा पावलांवर धक्का बांधता येतो आणि बाराही महिने पाणी धक्क्याला लागून असतं. धरणाचा फुगवटा असा वागत नाही. ऑगस्टमध्ये तो काठोकाठ भरतो आणि पुण्याचे नळ नि खालची शेती त्यातून पाणी उचलत राहतात. मे महिन्यात पानशेतच्या काठावर उभे राहा: पाणी कित्येक मीटर खाली गेलेलं, मधे तांबड्या मुरमाचा उघडा पट्टा, त्यात जुन्या बांधांच्या रेषा, वाळलेली खोडं, चरणाऱ्या म्हशी. याच्या काठाला विहारपथ बांधून खुर्च्या मांडल्या तर मार्चपासून पाहुणा चिखल बघणार. म्हणून दासव्यात पाणी अडवायला वेगळा बंधारा लागला. धरणाच्या पाणलोटात आणखी बंधारे, यावरून पुण्यात वाद पेटला. त्या वादात एक गोष्ट फारशी बोलली गेली नाही: बंधाऱ्याची गरज इटालियन देखाव्यातूनच आली होती. डोंगरात राहायचं, पाणी जसं येईल-जाईल तसं बघायचं, असं ठरवलं असतं तर पाणी एका पातळीवर बांधून ठेवण्याचा हट्ट लागला नसता.

मग पाऊस. जिनोव्हा आणि पोर्टोफिनोच्या पट्ट्यात वर्षाला साधारण हजार-बाराशे मिलिमीटर पाऊस पडतो. २५ जुलै २०२४ ला लवाशात चोवीस तासांत साडेचारशे मिलिमीटरच्या घरात पडला. म्हणजे त्यांच्या वर्षाच्या पावसाच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त आपल्याकडे एका दिवसात. त्याच दिवशी दरड कोसळून तिथले दोन बंगले गाडले गेले, आत माणसं होती. अशा पावसात डोंगर कुठेही सुटू शकतो, दरडीखाली गाडलं गेलेलं माळीण गाव काही इटालियन नव्हतं. पण उतार कापून, पायऱ्या पाडून, त्यावर घरांच्या रांगा चढवल्या की डोंगराला सुटायला कारण मिळतं.

भिंतीजवळ जाऊन बघा, म्हणजे सगळं कळतं. लिगुरियातलं घर उंच, सपाट तोंडाचं. भिंत रस्त्याला सरळ भिडते, छपराची झेप तोकडी, आणि शोभा सगळी रंगात. तिथे खिडक्यांच्या चौकटी, कोरीव कमानी, कधी कधी आख्खी खिडकीच नुसती रंगवलेली असते. तिथल्या उन्हाच्या हवेत ते शोभतं. सह्याद्रीत जूनचा दुसरा आठवडा उजाडला की पाऊस वरून पडत नाही, पश्चिमेकडून आडवा येतो. तो त्या गुळगुळीत पिवळ्या भिंतीवर आपटतो आणि ओघळत तळापर्यंत जातो. खिडकीच्या खालच्या कोपऱ्यातून काळी रेघ निघते, सज्जाच्या पोटाला हिरवं शेवाळ धरतं, जोत्याजवळचा रंग फुगून पोपडे होतात. दर दिवाळीला रंग दिला तर हे झाकलं जातं. पण दर दिवाळीला रंग द्यायला पैसा लागतो. नोव्हेंबर २०१० मध्ये पर्यावरण मंत्रालयाने लवाशाचं काम थांबवलं, वर्षभराने अटींवर परवानगी मिळाली, पण गाडी रुळावर आली नाही; ऑगस्ट २०१८ मध्ये लवाशाची कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. त्यानंतर पावसाने तिथे काय केलं ते कुणीही जाऊन बघावं. पोपडे धरलेलं मिलान, शेवाळलेलं जिनोव्हा आणि मधेच सळया बाहेर आलेले सांगाडे. शनिवार-रविवारी लोक येतात, सायकली भाड्याने घेतात, मॅगी खातात, लग्नाआधीचे फोटो काढून जातात. कंपनीचं दिवाळं अनेक कारणांनी वाजलं, पण भिंतींचं गणित पहिल्याच पावसाळ्यात चुकलेलं होतं.

या खोऱ्यातल्या जुन्या घरांना हे गणित कुणी शिकवलं नव्हतं. खानापूरहून पाबे घाट चढून वेल्ह्याच्या बाजूला उतरलं (सरकारने तालुक्याचं नाव आता राजगड केलंय, एसटीत मात्र अजून वेल्हेच मागतात) की तोरण्याच्या पायथ्याशी काही घरं अजून जुन्या वळणाची सापडतात. दगडी जोतं गुडघ्याच्या वर. कारवीच्या काठ्यांचा कूड, त्यावर शेणमातीचा गिलावा. आढ्यापासून छप्पर असं खाली येतं की पडवीत शिरताना उंच माणसाने वाकावं. पश्चिमेच्या भिंतीला पावसाळ्यापुरती गवताची आड, हल्ली निळं प्लास्टिक. भिंत बाहेरून जवळजवळ दिसतच नाही. दिसतं ते छप्पर. पागोळ्या भिंतीपासून दोन हातांवर पडतात, त्यांनी जमिनीत स्वतःची एक चर पाडलेली असते, आणि त्या चरीच्या आतली माती ऐन जुलैत कोरडी. तिथे कोंबड्या बसतात, सरपण रचलेलं असतं.

एका ठिकाणी पर्यटकांसाठी खोल्या बांधण्याचं काम चालू होतं, तिथल्या गवंडीदादांना मी विचारलं, ‘दादा, या पावसात गिलावा टिकतो का हो?’

‘टिकतो की,’ ते थापी धुताधुता म्हणाले. ‘भितीला टोपी घातली तर टिकतो. आता मालकांना टोपी नको आसती. पेंटर बोलवू म्हंत्यात. रंगानं कुठं पाऊस थांबतो व्हय, सायेब?’

मालकांना टोपी का नको, हेही त्यांनीच सांगितलं. झेप वाढवली की खोलीत उजेड कमी येतो, समोरचा डोंगर फोटोत अर्धा कापला जातो, आणि भाडं फोटोवर ठरतं.

धीट वास्तुरचना आणि जागा यांचं वैर असतंच असं नाही, याचा दाखलाही आपल्या शेजारी आहे. गोव्यात दोना पावलाजवळ, वायंगिणीच्या किनाऱ्यावर, चार्ल्स कोरियांनी १९८२ च्या सुमारास पूर्ण केलेलं सिदाद द गोवा. नावातच शहर आहे, आणि आत शिरलं की खरोखर एका खोट्या शहरात शिरल्यासारखं होतं: चौक, गल्ल्या, भडक रंगाच्या भिंती, आणि भिंतींवर रंगवलेली दारं-खिडक्या, त्यांतून डोकावणारी रंगवलेली माणसं. लिगुरियातली तीच युक्ती. पण कोरियांनी ती गंभीरपणे खपवली नाही. बघणाऱ्याला डोळा मारून केली. रंगवलेली खिडकी रंगवलेलीच आहे हे तुम्हाला कळावं, अशी तिची योजना. आणि इमारत स्वतः उताराला धरून समुद्राकडे पसरते. त्याआधी सत्तरच्या दशकात केरळातल्या कोवळमला त्यांनी हॉटेलाच्या खोल्या टेकडीच्या उतारावर पायरीपायरीने बसवल्या होत्या, पांढऱ्या भिंती आणि लाल कौलं. दोन्ही इमारती लांबून ओळखू येतात, कशाचीही नक्कल नाहीत, आणि दोन्हींनी आधी जमिनीला विचारलंय.

पानशेतच्या रिसॉर्टवाल्यांकडून कोरियांची अपेक्षा करणं अन्यायाचं होईल. तिथले बरेचसे मालक पूर्वीचे शेतकरी आहेत. धरणात जमीन गेली, उरली ती उतारावरची वरकस, तिच्यावर भात होत नाही, खोल्या होतात. काचेचं त्रिकोणी घर त्यांनी हौसेने बांधलेलं नाही, गिऱ्हाइकाने फोनवर दाखवलेला फोटो बघून बांधलंय. आणि खरं सांगायचं तर ते त्रिकोणी घर मला बालीच्या छत्रीपेक्षा आणि स्पॅनिश व्हिलापेक्षा बरं वाटतं. दिसायला परकं, पण छप्पर जमिनीपर्यंत उतरलेलं. पाण्याला थांबायला जागाच नाही. वेल्ह्यातल्या जुन्या घराचं ते नकळत झालेलं नातलग. उलट कमानीवर शिवमुद्रा, दारात तोफ आणि बुरुजाच्या आकाराचा स्वागतकक्ष असलेलं ‘मराठमोळं’ रिसॉर्ट वर सपाट स्लॅब टाकून बसलेलं असतं, आणि जुलैत त्या स्लॅबवर निळा कागद अंथरलेला असतो. वेश इथला, हाड बाहेरचं.

तेव्हा एखाद्या रिसॉर्टाच्या दारात डायनासोर दिसला म्हणून हळहळण्यात वेळ घालवू नये. तो फायबरचा आहे, दहा वर्षांत जाईल. राजगड किल्ला जुलै २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत गेला, आता गडावरून दिसणाऱ्या मुलखाकडे बाहेरचेही बघणार. पण गडावरून रंग किंवा कमानी दिसत नाहीत. दिसतात त्या डोंगराच्या कापलेल्या तांबड्या जखमा, रस्त्यांची नागमोडी वळणं आणि माथ्यावर चढलेली घरं. जाणवत नाही पण सगळ्यांत जास्त पोचतं ते सांडपाणी. पानशेत-वरसगावचं पाणी खडकवासल्यात येतं आणि तिथून पुण्याच्या नळाला. शनिवारी रात्री ज्या रिसॉर्टात आपण हात धुतो, त्याचा शोषखड्डा नीट नसेल तर ते पाणी आपल्यामागोमाग घरी पोचतं.

बघायला जायचं तर दोनदा जा. एकदा ऐन पावसात, धरणं भरत असताना. धबधबे नि धोक्याच्या जागा बंद ठेवण्याचे प्रशासनाचे आदेश असतात, ते आधी पाहून घ्या आणि भिंतीवर किंवा सांडव्याजवळ जाऊ नका. आणि एकदा मे महिन्यात, पाणी तळाला गेल्यावर, कारण तेव्हा खोऱ्याचं खरं रूप दिसतं. खोली ठरवताना फोनवर तलावाचा फोटो मागू नका, तो सगळ्यांकडे आहे. एवढंच विचारा: आडवा पाऊस आला तर व्हरांड्यात कोरडं बसता येतं का, उन्हाळ्यात पाणी कुठून येतं, आणि वापरलेलं जातं कुठे. ज्या मालकाला या तिन्हींची उत्तरं न अडखळता देता येतील त्याच्याकडे खुशाल उतरा, मग त्याच्या दारात हंस असो की डॉल्फिन.